मासेमारीची बंदी उठली की सिझर लिफ्ट खाली बसते: सील बदलण्याआधी काय बघायचं

ऑगस्ट उजाडला, मासेमारीची बंदी उठली, बोटी बाहेर पडल्या की आमच्या किनाऱ्यावर एक तक्रार हटकून सुरू होते. मच्छी सेंटरवरची टेबल लिफ्ट, म्हणजे कात्रीवाली सिझर लिफ्ट, वर चढते पण थांबत नाही, क्रेट ठेवले की हळूहळू खाली बसते, गाडीच्या फाळक्याच्या लेव्हलला धरून ठेवायची तर एका माणसाला बटणावर बोट ठेवून उभं राहावं लागतं. हीच तक्रार मार्चमध्ये आंब्याच्या पॅकिंग शेडमधून येते. मग मिस्त्री येतो, सिलिंडर खोलतो, सील किट, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांचा संच, बदलतो, महिना दोन महिने बरं चालतं, आणि पुढच्या सीझनला परत तेच. दरवर्षी सील, दरवर्षी खर्च, आणि ऐन धंद्याच्या दिवसात लिफ्ट बंद. बऱ्याच ठिकाणी सील हा मूळ आजारच नसतो म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बोलतोय ते जमिनीत खड्डा करून किंवा फरशीवर बसवलेल्या हायड्रॉलिक सिझर लिफ्टबद्दल, टन दोन टनाच्या, ज्या रत्नागिरी, हर्णै, मालवणकडे मासे आणि बर्फ चढवायला, देवगड राजापूरकडे पेट्या चढवायला, लोटे, कुडाळच्या एमआयडीसीत माल उचलायला आणि बऱ्याच गॅरेजमध्ये गाडीखाली वापरतात. हॉलमधले दिवे बदलायला किंवा गोडाऊनच्या छताला काम करायला जी चाकांची बॅटरीवाली सिझर लिफ्ट आणतात तिचं उचलायचं तंत्र तेच, पण तिच्यात बॅटऱ्या, चार्जर, कलल्यावर अलार्म देणारा सेन्सर अशी बरीच जास्तीची भानगड असते, ती इथे घेत नाही.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. लिफ्ट वर असताना हात, डोकं, पाय काहीही आत घालायचं नाही, जोपर्यंत तिचा सेफ्टी टेकू लावलेला नाही. जवळपास प्रत्येक लिफ्टला कंपनीने एक लोखंडी दांडा किंवा घोडी दिलेली असते, तपासणीच्या वेळी कात्रीच्या हातांमध्ये अडकवायला. आपल्याकडे तो दांडा सापडतच नाही, कुठेतरी भंगारात गेलेला असतो किंवा शटर अडवायला वापरतात. आधी तो शोधा, नसेल तर फॅब्रिकेटरकडून तुमच्या मॉडेलच्या मापाने बनवून घ्या. लाकडी ओंडका चालणार नाही, जॅक चालणार नाही, आणि "दोन मिनिटांचं काम आहे" हे तर अजिबात नाही. जी लिफ्ट मुळात खाली बसते म्हणून आपण बघायला चाललोय तिच्याखाली टेकूशिवाय जाणं म्हणजे जीव देणं आहे. टेकू लावला की त्यावर भार पूर्ण टेकेपर्यंत लिफ्ट खाली घ्यायची, मेन स्विच बंद करायचा, किल्ली खिशात ठेवायची, मग पुढचं.

आता लिफ्ट चालते कशी ते थोडक्यात, कारण त्यावरूनच दोष कळतो. दुकानाचा जाळीचा सरकता चॅनल गेट बघा, पट्ट्या एकमेकींवर फुलीसारख्या, मध्ये पिन, गेट आवळलं की फुल्या उभ्या होतात. तोच प्रकार इथे. दोन हात मध्ये पिनेने जोडलेले, एक टोक जागेवर पक्कं, दुसऱ्या टोकाला रोलर जो पट्टीवर सरकतो. सिलिंडर त्या हातांना ढकलतो, कात्री उभी होत जाते आणि टेबल वर जातं. बहुतेक लहान लिफ्टमध्ये सिलिंडर एकेरी असतो, म्हणजे वर जाताना पंप तेल ढकलतो आणि खाली येताना टेबलाच्या आणि मालाच्या वजनानेच तेल परत टाकीत जातं. खाली येताना पंप चालतच नाही, फक्त करंटवर चालणारा एक छोटा सोलेनॉइड वॉल्व्ह उघडतो. हा वॉल्व्ह या सगळ्या गोष्टीत मुख्य आहे.

कात्री आडवी असताना सगळ्यात जास्त ताकद लागते. समजा सिलिंडर खालच्या रोलरच्या टोकाला आडवा ढकलतोय आणि एकूण वजन १००० किलो आहे. हात जमिनीशी ४५ अंशात असताना सिलिंडरला १००० किलोचाच जोर द्यावा लागतो, पण १० अंशात असताना जवळजवळ ५७०० किलोचा आणि ५ अंशात ११ हजार किलोच्या वर. दोन मजली कात्री असेल तर दुप्पट. प्रत्यक्षात सिलिंडर तिरका बसवतात म्हणून आकडे बदलतात, पण चाल हीच राहते. म्हणून लिफ्ट तळातून उठताना कण्हते आणि थोडी वर आली की सुटते, त्यात बिघाड काही नाही. आणि म्हणूनच तळाशीच अडायला लागली की लोक रिलीफ वॉल्व्हचा, म्हणजे प्रेशर जास्त झालं की तेल परत टाकीत सोडणाऱ्या वॉल्व्हचा, नट आवळतात. कृपा करून आवळू नका. तो नट कंपनीने प्रेशर बघून सेट केलेला असतो, आवळला की लिफ्ट जास्त उचलते असं वाटतं खरं, पण होज, पिना आणि वेल्डिंग त्या जोराला बनवलेलेच नसतात.

आता मूळ तक्रार. खाली बसणं.

आधी किती बसते ते मोजा. संध्याकाळी काम संपल्यावर तेल गरम असतं, रात्री थंड होतं आणि आकसतं. हायड्रॉलिक तेल साधारण दर अंशाला ०.०७ टक्के आकसतं, म्हणजे १० अंश उतरलं की ०.७ टक्के. तेवढ्याने टेबल काही मिलीमीटर, फार तर सेंटीमीटरभर खाली येऊ शकतं आणि तो दोष नाही. पण दिवसा, माल ठेवल्यावर, दहा मिनिटांत वीतभर बसत असेल तर तो दोष आहे. खडूने भिंतीवर खूण करा, घड्याळ लावा, एकदा रिकामं आणि एकदा मालासकट. "लय बसते" या सांगण्यावरून मिस्त्रीला काहीच कळत नाही.

मग सगळ्यात सोपी आणि फुकट टेस्ट, जी जवळपास कोणीच करत नाही. लिफ्ट मालासकट वर घ्या, सगळ्यांना लांब उभं करा आणि मेन स्विचच बंद करा. बसायची थांबली? मग सिलिंडरला हातही लावू नका, दोष करंटचा आहे. पेंडंटच्या, म्हणजे त्या लोंबत्या बटणाच्या डबीत, खारं पाणी शिरलेलं असतं, 'खाली'च्या बटणाच्या टर्मिनलवर हिरवा थर आलेला असतो आणि त्यातून थोडा थोडा करंट जाऊन रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, कुरकुरतो किंवा सोलेनॉइड अर्धवट ओढला जातो. कधी रिलेचे पॉइंटच चिकटलेले असतात. बटणाची डबी उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, रबराचं गॅस्केट बदला, केबल जिथे डबीत शिरते तिथली ग्लँड आवळा. मच्छीच्या कामात ओल्या, खारट हातानेच बटण दाबलं जातं, त्यामुळे तिथे आयपी ६७ दर्जाचं, म्हणजे धूळ आणि पाणी आत न घेणारं, पेंडंट आणि तसेच लिमिट स्विच (टेबल ठरलेल्या जागी पोचलं की थांबवणारे) लावलेले बरे. साधे स्विच आपल्या हवेत टिकत नाहीत, पैसे वाचल्यासारखे वाटतात पण वाचत नाहीत.

स्विच बंद करूनही बसतेच आहे, तर तेल कुठूनतरी परत चाललंय. ते बाहेर चाललंय की आतल्या आत, हे शोधायचं. सिलिंडरच्या तोंडाशी, रॉडवर, खड्ड्यात, होजच्या जोडावर तेल दिसतंय का बघा. काही सिलिंडरना रॉडच्या बाजूला हवेसाठी भोक किंवा टाकीत जाणारी बारीक नळी असते, पिस्टनचं सील गेलं की तेल तिथून येतं. तोंड कोरडं, भोक कोरडं, नळी कोरडी, लिफ्ट पूर्ण खाली घेतल्यावर टाकीतली तेलाची पातळी नेहमीएवढीच, आणि तरी लिफ्ट बसते, याचा अर्थ तेल पॉवरपॅकच्या, म्हणजे मोटर, पंप, टाकी आणि वॉल्व्ह एकत्र असलेल्या भागाच्या, वॉल्व्हमधून गुपचूप टाकीत परत जातंय. अशा वेळी सील बदलून काय होणार? काहीच नाही. महिनाभर बरं चाललं ते सिलिंडर खोलताना तेल बदललं आणि लाईन साफ झाली म्हणून.

खात्री करायची असेल तर सिलिंडरमध्ये तेल शिरतं तिथे लाईनमध्ये बॉल वॉल्व्ह (हाताने बंद करायचा कॉक) आहे का बघा. असेल तर लिफ्ट वर घेऊन तो बंद करा. बसायची थांबली तर सिलिंडर ठणठणीत, दोष वॉल्व्हचा. तरीही बसली तर सिलिंडरचं सील. एवढ्या एका टेस्टने निकाल लागतो. नसेल तर हायड्रॉलिकवाल्याकडून तुमच्या लिफ्टच्या प्रेशरला चालणारा बॉल वॉल्व्ह बसवून घ्या, पण नळाच्या दुकानातला पितळी कॉक लावू नका, तो फुटेल. आणि सिलिंडरच्या बुडाशी होज फुटल्यावर तेल अडवणारा जो छोटा वॉल्व्ह असतो तो काढून त्या जागी हा बसवायचा नाही, तो जीव वाचवणारा भाग आहे, त्याच्या पुढे बसवायचा.

वॉल्व्हचाच दोष निघाला तर बघायच्या जागा तीन. एक म्हणजे हाताने खाली घ्यायची इमर्जन्सी घुंडी. लाईट गेल्यावर कोणीतरी ती फिरवून लिफ्ट खाली घेतो आणि परत पूर्ण बंद करत नाही, अर्धा आटा उघडा राहतो. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, त्यामुळे हे फार वेळा सापडतं. दुसरी म्हणजे तो खाली सोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह. त्याच्या आत एक बारीक टोकाचा पॉपेट असतो जो सीटवर बसून तेल अडवतो. सीटवर गंजाचा एखादा कण, टेफ्लॉन टेपचा धागा, रंगाचा पापुद्रा बसला की थेंब थेंब तेल जात राहतं. तिसरी म्हणजे पंपाच्या पुढचा चेक वॉल्व्ह, जो तेल एकाच दिशेने जाऊ देतो, तोही तसाच कणाने उघडा राहतो.

साफ करायचं तर टेबल टेकूवर पक्कं, मेन बंद, आणि घुंडी उघडून लाईनमधलं प्रेशर शून्य. प्रेशर असताना कार्ट्रिज, म्हणजे वॉल्व्हचा सुटा निघणारा आतला भाग, उघडलं तर तेलाची धार चामडीत घुसते, ती जखम बाहेरून टोचल्याएवढी दिसते पण आतून हात निकामी होऊ शकतो, तसं कधी झालं तर मलम लावून बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. प्रेशर उतरल्यावर कॉइल काढा, कार्ट्रिज पान्याने सोडवा, स्वच्छ डिझेलमध्ये धुवा, कापडाने पुसू नका कारण त्याचे धागेच परत अडकतात, हवेने फुंका. सीटवर चरा दिसला तर पॉलिश करत बसू नका, कार्ट्रिज नवीन घ्या, पूर्ण सिलिंडर खोलायच्या मजुरीपेक्षा ते स्वस्तच पडतं. ओ-रिंग तेलात बुडवून बसवा. टेफ्लॉन टेप अजिबात वापरू नका.

इथपर्यंत केलं की लिफ्ट बसायची थांबते. पण सीटवर गंज आला कुठून, हा प्रश्न सोडला तर पुढच्या वर्षी परत हेच. माझा सगळा जोर याच्यावर आहे.

आपल्या धंद्याचं वेळापत्रक बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे तीन हजार मिलीमीटर पावसातले सगळ्यात ओले दोन महिने मच्छी सेंटरची लिफ्ट हलत नाही. आंब्याची तर मे अखेरीपासून थेट फेब्रुवारीपर्यंत झोपलेली. आणि ती कशी झोपवतात? वर करून. कारण खड्ड्यात पाणी भरतं, पागोळ्यांचं, फरशी धुतलेलं, शेडच्या खालून झिरपणारं, मग मोटर आणि पॉवरपॅक बुडायच्या आत ते उपसता यावं म्हणून टेबल वर करून ठेवतात. कारण समजण्यासारखं आहे. पण त्याने दोन नुकसानं होतात. सिलिंडरचा रॉड पूर्ण बाहेर, खाऱ्या हवेत उघडा, त्याच्या क्रोमवर बारीक बारीक खड्डे पडतात, आणि सीझनला लिफ्ट खाली वर व्हायला लागली की तेच खड्डे नव्या सीलला कानशीसारखे खातात. सील दरवर्षी का जातं याचं उत्तर हे. रॉडवरून नख फिरवा, अडकलं तर सील कितीही भारी टाका, टिकणार नाही, रॉड क्रोमिंग करून घ्यावा लागेल किंवा बदलावा लागेल.

दुसरं नुकसान टाकीत. टेबल वर म्हणजे तेल सिलिंडरमध्ये आणि टाकी अर्धी रिकामी. त्या रिकाम्या जागेत दमट हवा, दिवसा तापते, रात्री गार पडते, ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवा घ्यायच्या झाकणातून, आत बाहेर होते आणि टाकीच्या छताला आतून दव धरतं. ते थेंब तेलात पडतात, पाणी जड म्हणून तळाला जातं, टाकीचा पत्रा गंजतो आणि तोच गंज पंपातून वॉल्व्हच्या सीटवर येऊन बसतो. तेल दुधाळ, पातळ चहासारखं दिसत असेल तर पाणी आहेच. शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडं तेल रात्रभर ठेवा, किंवा तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका, तडतडलं तर पाणी. लांबून टाका, डोळे सांभाळा. दुधाळ तेल गाळून परत वापरू नका. ते सगळं काढा, टाकी उघडून तळ पुसा, सक्शनची जाळी साफ करा, मग प्लेटवर लिहिलेल्या ग्रेडचं नवीन तेल भरा, बहुतेकांना व्हीजी ४६ किंवा ६८ असतं. इंजिन ऑइल नको. आणि शक्य असेल तर ब्रीदरच्या जागी सिलिका जेलवाला ब्रीदर लावा, महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरला निळ्या दाण्यांची डबी असते तसल्या प्रकारचा, दाणे गुलाबी झाले की बदलायचे. आपल्या हवेत याच्याएवढी वसूल होणारी दुसरी वस्तू नाही.

म्हणजे लिफ्ट ठेवायची कशी? खाली. पूर्ण खाली, रॉड आत, तेल टाकीत. त्यासाठी आधी खड्ड्याचा निचरा करा. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात उतार देऊन छोटी कुंडी करा आणि फ्लोटवाला छोटा सबमर्सिबल पंप टाका, काठाला चार बोटं उंच कठडा करा म्हणजे फरशीचं पाणी आत येणार नाही, आणि पॉवरपॅक खड्ड्यातून काढून भिंतीवर घ्या, होज लांब लागेल एवढंच. पॉवरपॅक भिंतीवर गेला की लिफ्ट वर ठेवायचं अर्धं कारणच संपतं. जागा अगदी खाडीच्या काठाला असेल आणि उधाणाला पाणी आत येणारच असेल, तर वर ठेवावी लागेल, मान्य, पण मग ती टेकूवर ठेवा, तेलाच्या भरवशावर नाही, रॉडला जाड ग्रीस चोपडून वरून प्लास्टिक गुंडाळा आणि सीझनला पहिल्यांदा खाली घेण्याआधी ते ग्रीस पूर्ण पुसा, नाहीतर त्यात चिकटलेली वाळू सीलमध्ये जाईल. आणि बंदीच्या काळातही पंधरा दिवसांतून एकदा रिकामी वर खाली करा, पिना, रोलर, सील सगळंच हलतं राहतं.

मच्छीवाल्यांसाठी आणखी एक. बर्फाचं खारं पाणी टेबलावरून थेट कात्रीच्या पिनांवर गळतं. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा सिलिंडरच्या तोंडावर, लिमिट स्विचवर आणि पिनेभोवतीच्या बुशवर मारू नका. धुतल्यावर निप्पलमधून ग्रीस द्या, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. काही पिनांना निप्पल नसतो, बुश स्वतःच वंगण धरणारा असतो, तिथे ग्रीस भरायचा हट्ट नको, कंपनीचं पुस्तक बघा.

बाकीच्या तक्रारी पटकन. मालवणकडून एकाने फोनवर सांगितलं, "मोटर फिरता, पण लिफ्ट वर जाणा नाय." लाईनचं काम झाल्यानंतर असं झालं असेल तर थ्री फेज मोटर उलटी फिरत असणार. २०२० च्या निसर्ग वादळानंतर खांबच्या खांब नव्याने उभे करावे लागले होते, अशा कामात दोन फेज अदलाबदल होणं सहज शक्य असतं. मोटरवरचा बाण बघा, उलटी असेल तर चालवत राहू नका, पंप सुका फिरून जातो. वायरमनकडून कुठल्याही दोन फेज बदलून घ्या आणि फेज उलटे झाले की मोटर चालू न देणारा फेज रिव्हर्सल रिले लावून टाका. सिंगल फेजवर असाल आणि संध्याकाळीच लिफ्ट उठत नसेल तर व्होल्टेज मोजा, २३० चे १९० झाले की मोटरची ताकद तीसेक टक्क्यांनी कमी होते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. आणि लिफ्टला सगळ्यात जास्त जोर तळातून उठतानाच लागतो, त्यामुळे तिथेच अडते. धक्के देत खाली येत असेल तर सुक्या पिना किंवा तेलात हवा. टेबल एका बाजूला कलत असेल, पिनेच्या भोकाचा अंडाकार झाला असेल किंवा वेल्डिंगला केसासारखी चीर दिसत असेल तर त्याच क्षणी लिफ्ट बंद, त्यावर घरगुती इलाज नाही.

मिस्त्रीला फोन करताना एवढं सांगा: प्लेटवरचं मॉडेल आणि क्षमता, रिकामी आणि मालासकट किती मिनिटांत किती बसते, मेन बंद केल्यावर थांबते का, बॉल वॉल्व्ह बंद केल्यावर थांबते का, तेलाचा रंग कसा, रॉडवर नख अडकतं का. ही माहिती असेल तर तो योग्य कार्ट्रिज किंवा सील किट घेऊनच निघेल, आणि त्याने काढलेला जुना भाग, मग तो सील असो की वॉल्व्ह, फेकू न देता तुमच्याकडे मागून घ्या, पाकिटावर तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षी परत तक्रार आली तर झीज कुठे झाली होती ते त्याच्यावरच दिसतं.